आम्ही बँडकडच्या

सासूबाई धुळ्याकडच्या गावाहून आमच्याकडे वापीजवळ डोकमर्डीला राहायला आल्या, तेव्हा सुरुवातीला आम्ही दोघी एकमेकींशी फार जपून वागत होतो. त्या म्हणायच्या, "तुला वाटेल तशी भाजी कर." मी म्हणायचे, "नाही आई, तुम्ही सांगाल तशी." यात भाजी राहून जायची आणि शेवटी नवरा भजी घेऊन यायचा.

मग एकदा कारखान्यातून आल्यावर मी ओट्यापाशी मोबाइल टेकवून कणीक मळत होते. मोबाइलवर आमच्या खानदेशातल्या एका बँडची गाणी चालू होती. लग्नात वाजवणारा बँड, पण त्याचा गायक असा, की गाणं सुरू झालं की पाय आपोआप हलतात. सासूबाई आतून आल्या. मला वाटलं, आता आवाज कमी करायला सांगतील. त्या म्हणाल्या, "हे नको. ते बांगड्यावालं लाव. त्याच्यात तो मधेच हसतो."

मी कणकेच्या हातानेच गाणं बदललं. तो मधेच हसला. आम्हीही हसलो. त्या दिवसापासून आमच्यात संकोच असा उरला नाही. गायकाला त्या 'आपला पोऱ्या' म्हणायच्या. पोऱ्याला सर्दी झाली, पोऱ्या वाळला, पोऱ्याने नवा कोट शिवला, सगळी खबर आम्ही मोबाइलवरून ठेवत होतो.

आणि गेल्या लग्नसराईत बँडच्या स्टेटसला दिसलं, 'आज दादरा'. दादरा गाव म्हणजे आमच्यापासून रिक्षाने जाण्यासारखं.

"कोणाचं लग्न आहे?" नवऱ्याने विचारलं.

"काय माहीत," सासूबाई म्हणाल्या.

"आमंत्रण नाही, ओळख नाही, आणि तुम्ही दोघी नटून जाणार?"

"वरात रस्त्यावरूनच जाते ना? आम्ही रस्त्यावर उभ्या राहू." असं म्हणून त्यांनी पेटीतली जांभळी पैठणी काढली. रस्त्यावर उभं राहायला पैठणी कशाला, हे विचारायची नवऱ्याची हिंमत झाली नाही. मीही मग मोरपंखी साडी नेसले आणि गजरा घेतला.

दादऱ्याला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बँडची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती, चारही बाजूंनी लाइटच्या माळा, वर कर्ण्यांसारखे स्पीकर. लाल कोटातली माणसं वाद्यं पुसत होती. आम्ही गाडीला एक चक्कर मारली. मग दुसरी मारली. आपला पोऱ्या कुठेच नव्हता. माइक हातात घेऊन उभा होता तो चाळिशीचा, जाड मिशांचा, पोट सुटलेला माणूस.

वायर जोडत असलेला मॅनेजर सासूबाईंना म्हणाला, "मावशी, ही आमची दोन नंबर पार्टी. एक नंबर आज वापीला आहे."

"म्हणजे?"

"नाव एकच, पार्ट्या दोन. सीझनला सगळ्या ठिकाणी एक माणूस कसा पुरणार?"

मला तर रडूच आलं. मॅनेजर वायर ओढत गाडीमागे गेला. आम्ही दोघी तिथेच उभ्या असताना फेटा बांधलेले एक गृहस्थ घाईघाईने आले. ते नवरदेवाचे मामा होते, हे नंतर कळलं. आमच्या साड्या बघून त्यांनी हात जोडले आणि विचारलं, "तुम्ही मुलीकडच्या का?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. त्या अजून धक्क्यातच होत्या. "आम्ही बँडकडच्या."

मामांचे हात सुटले, चेहरा बदलला. "बरं झालं भेटल्या! मालकीणबाई ना तुम्ही? बोली एक नंबरची झाली होती आमची! तो गायक कुठंय? साऱ्या सोयऱ्यांना सांगून बसलोय मी!"

मी सासूबाईंचा पदर ओढला. आता सांगून टाका आणि चला, असं मला म्हणायचं होतं. पण सासूबाईंच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. मामांना त्यांनी हाताने थांबवलं आणि ओरडा ऐकून गाडीमागून आलेल्या मॅनेजरकडे वळल्या.

"ऐकलं? बोली एक नंबरची झाली होती. बोल आता."

मॅनेजरने पैठणी बघितली. मामा त्यांच्या मागे निमूट उभे होते, तेही बघितलं. ही नवरदेवाची आजीच, असं त्याने ठरवून टाकलं. "आजी, चूक झाली, मानतो. वापीची वरात आटोपली की त्याला बोलावून घेतो."

"कधी?"

"लग्न लागायच्या आत."

सासूबाईंनी मामांकडे बघून विचारलं, "चालेल?" मामा म्हणाले, "तुम्ही म्हणता तर चालेल." आणि ते मंडपाकडे निघून गेले. एवढा मोठा तंटा मिटला होता, आणि तो मिटवणारी बाई कोण, हे तिथे एकट्या मला माहीत होतं.

पण हे सगळं मिशीवाल्यासमोर घडलं होतं. माइक हातात धरून तो शेजारीच उभा होता. मला फार कानकोंडं झालं. मी म्हटलं, "दादा, वाईट वाटून घेऊ नका."

"नाही हो ताई," तो म्हणाला. "गाडीतून मी उतरलो, की लोक माझ्या मागे बघतात. अजून कोणी उतरतंय का म्हणून." आणि माइक तोंडाशी नेऊन त्याने 'हॅलो, हॅलो' केलं.

वरात निघाली. त्याने दोन-तीन जोरकस गाणी म्हटली, पण कोणी नाचेना. मामांनी सगळ्यांना 'थांबा, खरा येतोय' सांगून ठेवलं होतं. मग त्याने बँडला खूण केली, ठेका संथ झाला, आणि त्याने अहिराणीतलं एक गाणं धरलं. सासरी निघालेली मुलगी घरातल्या एकेका वस्तूचा निरोप घेते, जात्याचा, चुलीचा, कोंबडीचासुद्धा. कोंबडीच्या कडव्याला बायका हसल्या आणि त्याच्या पुढच्याला डोळे पुसायला लागल्या. वरातीत रडायचं गाणं म्हणायला धाडस लागतं. मी टाळ्यांनी ठेका धरला होता, पण हात कधी थांबले ते मला कळलं नाही.

एवढ्यात मोटारसायकल आली. मागच्या सीटवर आपला पोऱ्या! साधा शर्ट, पायात चप्पल, आणि अंगाने इतका लहान, की सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "व माय, एवढासाच?"

पण त्याने माइक घेतला आणि सगळं रान पेटलं. पोरं, सुना, फेटेवाले, सगळे नाचायला लागले. माझ्या एका हातात मोबाइल होता, दुसरा हात हवेत होता आणि गजरा कुठे गेला ते आजतागायत सापडलेलं नाही. सासूबाई गुडघ्यांना तेल लावल्याशिवाय झोपत नाहीत. त्या वाकून फुगडीसारखं काहीतरी करत होत्या. बांगड्यांच्या गाण्याच्या वेळी त्या अगदी गाडीपाशी गेल्या आणि परत येऊन माझ्या कानात ओरडल्या, "मोबाइलमधे बघून म्हणतोय! पाठ नाही त्याला!" मग गाण्यात ती जागा आली. तो मधेच हसला. सासूबाईंनी त्याला तिथल्या तिथे माफ केलं.

लग्न लागलं. जेवल्याशिवाय मामा सोडेनात. सासूबाईंच्या ताटात ते स्वतः जिलेबी वाढत असताना मॅनेजर हात धुऊन पलीकडे बसला आणि म्हणाला, "मामा, तुमच्या आजी फार खमक्या हं."

"आमच्या?" मामांच्या हातातली जिलेबी तशीच राहिली. "तुमच्या मालकीणबाई ना या?"

दोघांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी पाणी पिऊन घेतलं.

"आम्ही डोकमर्डीच्या," त्या म्हणाल्या. "गाणं ऐकायला आलो होतो. तुम्हीच विचारलं, आम्ही खरं तेच सांगितलं."

मामांना हसू आवरेना, इतकं की फेटा एका कानावर आला. "म्हणजे माझं भांडण तुम्ही भांडलात?"

"मग? फसवलं होतं ना त्यांनी." यावर मॅनेजरने मान खाली घालून वरण ओरपलं. मामांनी ती जिलेबी सासूबाईंच्या ताटात ठेवली आणि वर आणखी दोन ठेवल्या.

निघताना बँडची माणसं गाडीवरच्या माळा उतरवत होती. आपला पोऱ्या केव्हाच गेला होता. मिशीवाला कोट काढून, घडी घालून हातावर घेऊन उभा होता. मी म्हटलं, "दादा, तुमचं ते निरोपाचं गाणं फार सुंदर झालं."

त्याचा चेहरा खुलला. "रेकॉर्ड केलं का ताई?"

माझ्या मोबाइलमध्ये पोऱ्याची चार गाणी होती. याचं एकही नव्हतं. "नाही हो," मी म्हटलं. खोटं बोलवेना.

"बरं झालं," तो म्हणाला. "चुलीच्या कडव्याला सूर गेला होता माझा."

"छे! मला तर नाही जाणवला."

"मला कळला होता," सासूबाई म्हणाल्या. "पण कोंबडीला तू परत धरलास."

तो जो हसला, तो पोऱ्यासारखा मधेच नाही, चांगला पोट हलवून हसला. मग त्याने सासूबाईंच्या पायांना हात लावला आणि आमच्यासाठी रिक्षा थांबवायला स्वतः रस्त्यावर गेला.