मावश्यांचे चार गोल

मुलांनो, थोरलीने परवा फोनवर विचारलं, "आजी, तुझ्या आईकडच्या बायकांपैकी कुणाला कॅन्सर होता का? इथल्या डॉक्टरांना माहिती हवी आहे." मी म्हटलं, फोनवर नको, लिहून पाठवते. तिला वाटलं असेल, म्हातारी टाळते आहे. टाळत नव्हते. या एका प्रश्नाचं उत्तर आपल्या घरात पूर्वी चुकलेलं आहे आणि ते तुमच्या आत्याला फार जड गेलं. आता तुमच्या बाबांच्या रक्तातही आत्यासारखाच जनुकांचा दोष निघाला आहे आणि थोरलीला स्वतःची तपासणी करायची की नाही हे ठरवायचं आहे. तेव्हा या वेळी तरी उत्तर नीट दिलं पाहिजे.

जन्मभर मी दौंडच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, पण हे मराठीतच लिहिते. आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. पहिलं पान झालं आणि त्यात मावश्या काही बसेनात. मग कागद बाजूला ठेवला.

माझी आई केडगावच्या मिशनच्या आश्रमात वाढली. तिला तिथे कोणी आणून सोडलं, कुठल्या गावाहून, हे तिला कधीच कळलं नाही. तान्ही होती. एका खोलीत पाच मुली एकत्र वाढल्या. एका परातीत जेवायच्या, आणि एकीच्या डोक्यात उवा झाल्या की पाचही जणींची डोकी भादरली जायची, असं आई सांगायची. पुढे चर्चच्या मंडळीतल्याच मुलांशी त्यांची लग्नं झाली. एक खुटबावला दिली, एक शिरूरला, एक दौंडच्या रेल्वे कॉलनीत. माझी आई आणि आणखी एक अशा दोघी केडगावातच राहिल्या. अशा मुलींना माहेर नसतं, म्हणून त्या एकमेकींचं माहेर झाल्या. बाळंतपणाला एकमेकींकडे जायच्या. नाताळात करंज्यांचे डबे पाचही घरांतून फिरायचे, आणि कुणाचा डबा रिकामा परत पाठवायचा नाही असा नियम होता. दुसरा नियम त्याहून कडक होता. या पाच घरांतल्या मुलांची आपसात लग्नं करायची नाहीत. एकदा पाळकसाहेबांनी असं एक स्थळ सुचवलं, तेव्हा खुटबावची मावशी त्यांना म्हणाली, "साहेब, सख्ख्या भावाबहिणीचं लगीन लावता व्हय तुम्ही?" साहेबांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

मी शाळेत असताना आई गेली. चाळिशी नुकतीच ओलांडली होती तिने. पोट फुगत गेलं. पोटात पाणी झालं, असं सगळे म्हणायचे. पाणी काढलं की काही दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा भरायचं. रोगाचं नाव कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. त्यानंतर चार मावश्यांनी मला वाटून घेतलं. शाळेचे दिवस केडगावात, मे महिना खुटबावला, कॉलेज दौंडच्या मावशीच्या घरातून आणि लग्न शिरूरच्या मावशीच्या अंगणात. चौघीही खूप जगल्या. खुटबावची तर नव्वदी ओलांडल्यावरसुद्धा गुडघे आणि सून, या दोनच तक्रारी करायची.

तुमच्या आत्याला पहिल्यांदा छातीत गाठ आली तेव्हा तिला चाळीसही पुरी नव्हती. ती शिरूरला राहते, तुमचे काका रांजणगावच्या कंपनीत आहेत, हे तुम्हाला माहीत आहेच. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन ठरलं. तिथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, "आजी, तुमच्या आईच्या बाजूला कुणाला असा आजार?" मला सगळं क्रमाने सांगायची सवय. मी सांगितलं, आई लवकर गेली, पोटाच्या दुखण्याने. चार मावश्या, सगळ्या ऐंशीच्या पुढे जगल्या, एकीलाही कधी गाठ नाही. त्यांच्या मुली आहेत, त्याही ठणठणीत.

"वा, घराणं काटक दिसतंय तुमचं," डॉक्टर म्हणाले.

हे ऐकून आत्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जरा रंग आला. जनुकांची एक तपासणी असते, असं डॉक्टर म्हणाले होते. पण एवढ्या बायका निरोगी असताना त्याची घाई नाही, आधी उपचार पुरे होऊ द्या, असंही म्हणाले. उपचार पुरे झाले. केस परत आले. तपासणीचं आम्ही विसरून गेलो.

काही वर्षांनी एका रविवारी ती मुलांना घेऊन केडगावला आली. प्रार्थना झाल्यावर साडी बदलताना म्हणाली, "आई, माझं पोट बघ गं, किती सुटलंय. जेवण तर काहीच जात नाही." मी पाहिलं. मला माझी आई दिसली. मी तिच्या पोटावर हात ठेवला. ती म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, उद्या पुण्याला जाऊ.

या वेळी रोग अंडाशयात होता. या वेळी रक्त जनुकांच्या तपासणीलाही गेलं आणि दोष सापडला. ज्या मुलीने आम्हाला तो समजावून सांगितला, तिला तिथे काउन्सेलर म्हणत. माझ्या शेवटच्या तुकडीतल्या मुलींएवढी असेल. तिने सांगितलेलं तसंच लिहिते. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. हे विशिष्ट जनुक पेशींमधली मोडतोड दुरुस्त करतं. त्याची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असली तर दुरुस्ती कमी पडते आणि कॅन्सरचा धोका वाढतो, छातीचा आणि अंडाशयाचाही. बिघडलेली प्रत मुलाला किंवा मुलीला जाण्याची शक्यता निम्मी. गेली म्हणजे रोग झालाच असं नाही.

"तुमच्या आईच्या बाजूच्या बायकांना बोलावून घ्या," ती म्हणाली. "ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांनाच याचा खरा उपयोग आहे. आधी कळलं तर पुष्कळ करता येतं."

मी खुटबावला फोन केला. तिथल्या मावशीची मुलगी माझ्याहून थोडी लहान, शेतीत वाढलेली आणि शेतीतच दिलेली. मी तिला बाई म्हणते, ती मला अक्का. मी केडगावला गाडीत बसले, ती खुटबावला चढली. मंडळीत नेसायची साडी नेसली होती. मांडीवर डबा.

"उपाशी यायचं का खाऊन, काय सांगितलं न्हाईस तू," ती म्हणाली. "म्हून म्या उपाशीच आले. रगत काढलं की मग खाऊ. अन् दोगी बहिणी यायच्यात पुढच्या गुरवारी. सगळ्यांस्नी सांगितलंय म्या. आत्ताच्या आत्ता काय निगायचं ते निगूं दे."

काउन्सेलरच्या खोलीत आत्या आधीच बसली होती, डोक्याला रुमाल बांधून. टेबलावर एक मोठा कागद होता. त्यावर घराण्याचा नकाशा पेन्सिलीने काढलेला. स्त्री म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन, ज्याला रोग झाला त्याचा गोल काळा, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. जुन्या केसपेपरवरून तिने तो काढला होता. वरच्या ओळीत माझी आई आणि तिच्या शेजारी चार गोल, पाचही एकाच दांडीला टांगलेले.

"या पाच जणींचे आईवडील एकच ना?" तिने सहज विचारलं.

"आईवडील?" बाई म्हणाली. "आईवडील असते तर आश्रमात कशाला आल्या असत्या, पोरी?"

त्या मुलीने पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे त्या सख्ख्या बहिणी नव्हत्या?"

"सख्ख्या न्हाईत तर काय! एका परातीत जेवल्या त्या. हिची आई गेली तवा माज्या आईनं महिनाभर चूल पेटवली न्हाई."

"हो आजी. पण रक्ताचं नातं होतं का, एवढंच मला हवंय."

बाईने माझ्याकडे पाहिलं. तिला हा प्रश्न कळला नाही असं नव्हतं. कुणी तो आयुष्यात पहिल्यांदा विचारला होता. मी म्हटलं, "नव्हतं. कुणाचंच कुणाशी नव्हतं."

तिने रबर घेतलं आणि चारही गोल एकेक करून पुसले. रबराचा चुरा फुंकून उडवला नाही, हाताने गोळा करून बाजूला ठेवला. मग वरच्या ओळीत माझी आई एकटी राहिली. तिच्या वर काहीच नाही. "पोटात पाणी झालं होतं म्हणालात?" असं विचारून तिने आईच्या गोलात प्रश्नचिन्ह घातलं. खाली माझा गोल, त्याखाली आत्याचा काळा. मी इंग्रजीची मास्तरीण, पण तो कागद वाचायला मला काही कष्ट पडले नाहीत. डॉक्टरांनी ज्या काटक घराण्याचं कौतुक केलं होतं, ते त्या चार गोलांचं होतं. आमचं घराणं म्हणजे एकावर एक असे तीन गोल होते.

बाईने अजून बाही वर करून हात पुढे धरलेलाच होता. "मग माजं रगत?"

"तुम्हाला गरज नाही आजी. तुम्हाला या दोषाचा काही धोका नाही. चांगलीच बातमी आहे ही."

बाईने बाही खाली केली. बाहेर बाकावर येऊन बसली. मग म्हणाली, "धोका न्हाई म्हनल्यावर मानसं पेढं वाटत्यात. मला कसंतरीच झालं बघ अक्का. म्हंजी आमी तुमची कोन न्हाईच?"

मी फार दमले होते. आत्या आमच्यामध्ये बसली होती. बाईनेच मग डबा उघडला. "अन् भाकरी चालंल का माज्या हातची, का तीबी आदी मशीनीत घालून बघायची?"

आत्या हसली आणि हसता हसता तिने पोट धरलं. बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. आत्याने चतकोर खाल्ली. त्या आठवड्यात तिने खाल्लेलं तेच काय ते अन्न.

पुढचं तुम्हाला तुटक तुटक माहीत आहे. मोठं ऑपरेशन, सलाइनी, केस पुन्हा गेले. आता तिला रोज गोळ्या आहेत. ज्यांच्यात हा दोष आहे त्यांनाच त्या जास्त लागू पडतात, म्हणजे तपासणीचा उपयोग झाला, उशिरा का होईना. पहिल्या वेळीच तपासणी झाली असती तर अंडाशयं आधीच काढून टाकता आली असती का, असं मी एका डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "हो, बहुधा." डॉक्टरांनी जे विचारायचं ते विचारलं होतं. मी माझ्या मावश्या सांगितल्या, आणि दुसऱ्या मला नव्हत्याच. यावर विचार करून करून मी थकले आणि आता करत नाही. माझ्याही रक्तात दोष निघाला. इतकी वर्षं तो माझ्या अंगात नुसता बसून होता. मी अंडाशयं काढायचं ऑपरेशन करून घेतलं. मंडळीतल्या बायका म्हणाल्या, या वयात कशाला? मी म्हटलं, रोज पुण्याला जातेच आहे, एक दिवस माझ्यासाठी.

आत्याच्या दोन्ही खेपांच्या उपचारांमध्ये शिरूरच्या घरी बाईच येऊन राहिली. मी चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्याने जात-येत असे. माझ्याने तिथे सलग राहवत नसे. बाई आत्याचं अंग पुसायची, ओकारीचं भांडं धरायची आणि तोंडाने अखंड स्वतःच्या सुनेच्या कागाळ्या. आत्या म्हणायची, "मावशी, तुझ्या सुनेची बाजू घ्यायला तरी मला बरं व्हायला पाहिजे."

तर थोरले, डॉक्टरांना हे सांग. पणजी चाळिशीत गेली, बहुतेक अंडाशयाच्या कॅन्सरने. आजीत दोष आहे, रोग नाही. आत्याला दोन्ही रोग झाले. बाबांमध्ये दोष आहे. पणजीच्या बहिणी, आई, बाप, माहीत नाही. 'माहीत नाही' हे शब्द न लाजता सांग. निरोगी माणसांनी ती जागा भरू नकोस. तपासणी करायची की नाही, हे तुझं तू ठरव. माझं मत विचारलंस तर कर, कारण आत्याला ती संधी मिळाली नाही. धाकट्या, हा बायकांचा आजार आहे असं तू बाबांना म्हणालास, ते मला कळलं. तो दोष बापाकडूनही मुलांना जातो आणि पुरुषांनाही थोडाफार धोका असतो. तूही विचार कर. आत्ता नको वाटत असेल तर नंतर कर, पण विसरू नकोस.

मावश्यांबद्दल डॉक्टरांना सांगायचं कारण नाही. तुम्हाला सांगितलं, कारण नाहीतर पुढे कुणी तो कागद पाहील आणि समजेल की माझी आई एकटी होती.

चौघींपैकी आता कुणी नाही. तुमची आत्या आहे, सकाळी रस्त्याच्या वळणापर्यंत चालून येते. मी आहे. बाईचे गुडघे गेले आहेत, आता आईसारखीच दोन तक्रारी करते. पाचही घरांतून करंज्यांचे डबे अजून फिरतात आणि रिकामा डबा अजून कुणी परत पाठवत नाही.