मामांची सोबत

खालापूर तालुक्यातला जो माणूस दवाखान्यात गेला आणि ज्याच्यासोबत आमचे मामा गेले नाहीत, तो खरा आजारी नव्हताच असं खुशाल समजावं. चौक गावाजवळच्या त्यांच्या घरात दाराआडच्या खुंटीला एक पिशवी कायम तयार लटकलेली असे. तिच्यात टॉवेल, पेला, सुरी आणि मिठाची पुडी. सुरी-मीठ पेशंटला आलेल्या पेरूंसाठी. पेरू मामाच खात, पण धीर देत देत खात. "घाबरायचं नाय, मी हाय ना!" हे ऐकत ऐकत भिवपुरीपर्यंतच्या कितीतरी लोकांनी अपेंडिक्स काढून घेतलं. डॉक्टरांनी पेशंटला काही विचारलं की उत्तर मामा देत. एकदा त्यांनी एका शेजाऱ्याचं छातीचं दुखणं स्वतःच्या छातीवर हात दाबून इतकं रंगवून सांगितलं, की नर्सनं मामांनाच कॉटवर आडवं करून त्यांचा ईसीजी काढला. शेजारी बिचारा बाकावर पेरू सांभाळत बसला. "बरंच झालं, आपलं मशीन चांगलं हाय ते तरी कळलं," मामा म्हणाले, आणि त्या एका कागदाच्या जोरावर पुढची कित्येक वर्षं मटणाचा रस्सा निर्धास्त ओरपत राहिले.

गेल्या वर्षी शेतात वाल उपटता उपटता ते बांधावर बसले. घाम फुटला होता, डावा हात जड झाला होता. विचारलं तर म्हणाले, "गॅस हाय." पण मामी फसली नाही. तिनं मला कर्जतला फोन केला, "मामा गप बसलेत रं. पाव तास झाला, बोलत नायत!" मी गाडी काढली.

पनवेलच्या दवाखान्यात तपासून डॉक्टर म्हणाले, "हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद आहे. लगेच उघडायला हवी." मामांनी शर्टाची बटणं मुठीत धरली. "छाती फाडणार?"

"नाही हो. मनगटातून बारीक नळी घालायची, फुग्यानं वाट मोकळी करायची आणि ती मिटू नये म्हणून जाळीची छोटी नळी आत ठेवायची. तुम्ही जागेच असाल."

मी सह्या करून आलो तर मामांनी मामीचा हात घट्ट धरलेला. मला म्हणाले, "माझ्यासंगं आत कोण येनार रं?" एवढ्या माणसांना दवाखान्यात पोचवलेला हा माणूस, आणि आवाज अगदी लहान मुलासारखा. मामीच म्हणाली, "आत कुनाला सोडत नायत. मी दाराशी बसते. भायेर आलात की आधी मीच दिसन."

दार बंद झालं. मामी भिंतीला टेकून बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत. बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं आणि आतून मामांचा आवाज आला, "डॉक्टर, तुमचं मूळ गाव कंचं?" मामीनं डोळे मिटले आणि इतक्या वेळाचा श्वास सोडला. डॉक्टर हसतच बाहेर आले. "रक्त छान वाहतंय. माझं सगळं खानदान विचारून झालं त्यांचं."

मामा मात्र मनगटावरच्या पट्टीकडे पाहून जरा खट्टूच होते. "येवढंच? बगायला लोक येतील, त्यांना दाखवू काय?"

मामा घरी आल्यावर एका दुपारी मी भेटायला गेलो, तर मामी ओसरीवर भिंतीशी झोपली होती. मी हाक मारणार तोच मामांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल रं. दवाखान्यात डोळ्याला डोळा नाय लागला तिचा." मग तसंच दबक्या आवाजात म्हणाले, "टेबलावर पडल्यावर लय भ्या वाटतं. मी येवढ्या लोकांना नेलं, पण आत काय वाटलं ते कुनाला ईचारलंच नाय." वाऱ्यानं मामीच्या पायावरची चादर सरकली. मामा उठले, पट्टीचा हात जपत वाकले आणि चादर त्यांनी नीट घातली.