चौकटवाल्यांच्या घरचे मोती

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना सगळे चौकटवाले म्हणत. पानावर जाहिरात कमी पडली की जी जागा रिकामी राहते, तिथे ‘निसर्गाची नवलाई’ या नावाची चौकट भरायची, हे त्यांचे काम. संपादकांच्या लेखी ती चौकट म्हणजे भिंतीच्या भोकात कोंबलेला बोळा. चौकटवाल्यांच्या लेखी उरलेले वर्तमानपत्र म्हणजे चौकटीभोवतीचा पुडा.

माणूस वाईट नव्हता, पण माहितीने नुसता ओथंबलेला. कुणी हौसेने नवी अंगठी दाखवावी, तर हे सांगणार की हिरा हा कोळशाचाच भाऊबंद, पुरेशी आच लागली तर जळून जातो. शेजारचे आजोबा अंथरुणाला खिळले, तेव्हा उशाशी बसून यांनी ऑक्टोपसला तीन हृदये असतात हे समजावले. आजोबांचे एकच होते आणि तेही धड चालत नव्हते. एकदा आमटीत मीठ जास्त पडले, तर म्हणाले, अल्बट्रॉस पक्षी समुद्राचे खारट पाणी पितो आणि जास्तीचे मीठ नाकावाटे टाकून देतो.

“मग तुम्हीही तसंच करा,” बायको म्हणाली, “पण आधी गपचूप जेवा.”

बायको चौकट कधीच वाचत नसे. जगाने वाचली नाही तरी चालेल, पण हिने एकदा वाचावी, एवढीच त्यांची इच्छा होती. तिचे म्हणणे साधे होते. जे दिवसभर फुकट ऐकावे लागते, ते सकाळी आणखी वाचायचे कशाला?

तिच्या मनाला लागलेली गोष्ट वेगळी होती. आई जाताना तिला मोत्यांचा सर देऊन गेली होती. तेव्हा भावजय सगळ्यांदेखत म्हणाली होती, “खरे असते तर मुलीला दिले असते का सासूबाईंनी?” ते वाक्य हिच्या काळजात रुतून बसले. सर कपाटातच राहिला. सोनाराकडे न्यायचा तिला धीर होईना. तो खोटा म्हणाला तर आईच खोटी ठरेल, अशी भीती वाटे.

आता कचेरीतला एक नियम सांगायला हवा. जागा कमी पडली की मजकूर खालून कापतात. म्हणून महत्त्वाचे ते आधी लिहायचे, हे तिथल्या शिपायालाही ठाऊक होते. चौकटवाले मात्र गंमत नेहमी शेवटच्या ओळीसाठी राखून ठेवत. पान लावणारा हात जोडून सांगे, “साहेब, मुद्दा वर घ्या हो. माझी कात्री खालून चालते.”

“रहस्य आधीच फोडलं तर वाचेल कोण?” हे ऐटीत विचारत.

वाचत तसेही कोणी नव्हते. कापलेली चौकट बघवत नाही म्हणून छापून आल्यावर स्वतः चौकटवालेही वाचत नसत.

एकदा त्यांनी मोत्यांवर लिहिले. ‘मोती खरा की खोटा, हे पाहायला तो व्हिनेगरमध्ये टाकावा, असे पूर्वीचे लोक सांगत.’ आणि पुढे, खास राखून ठेवलेली गंमत: ‘खरा असेल तर विरघळू लागतो, म्हणजे खात्री पटेपर्यंत मोती हातचा गेलेला असतो. तेव्हा हा प्रयोग चुकूनही करू नये.’ ऐन वेळी गाद्यांच्या दुकानाची जाहिरात आली आणि गंमत कात्रीखाली गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले, तर स्वयंपाकघरात आंबट वास भरला होता. बायको टेबलाशी बसली होती. समोर वाटी, वाटीत सर, शेजारी चौकटीचे व्यवस्थित कापलेले कात्रण. मोत्यांची झळाळी पार उतरली होती. ते खडूच्या गोळ्यांसारखे दिसत होते.

“सकाळीच घातले,” ती म्हणाली. “म्हटलं, माणूस डोकं खातो, पण खोटं कधी लिहीत नाही. आता सांगा. खोटे असतील तर सरळ सांगून टाका, मी रडणार नाही.”

चौकटवाल्यांनी वाटीत डोकावून पाहिले. खोटे होते म्हणावे, तर आपण नामानिराळे. घरात कुणाला काही कळणार नव्हते, आणि भावजयीने हे कधीच सांगून ठेवले होते. शब्द अगदी जिभेवर आला. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

“खरे होते,” ते म्हणाले. “अस्सल. म्हणूनच गेले. हे करू नका असं मी खाली लिहिलं होतं, ते कापलं गेलं. चूक माझी आहे.”

 ती पदराने डोळे पुसून उठली, फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला.

“वहिनी आहे फोनवर. खरे मोती कसे विरघळतात ते सगळं नीट समजावून सांगा तिला. तास लागला तरी चालेल.”

पलीकडून भावजय “हॅलो, हॅलो” करत होती. बायको समोर खुर्ची ओढून ऐकायला बसली होती, आणि चौकटवाल्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.