चापातलं एरंडेल

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना नेमबाजीच्या संघात मुलींसाठी चार जागा होत्या. तीन ठरल्यासारख्याच होत्या. चौथीसाठी मी जीव टाकत होते. संघ पुण्याच्या शिबिराला जाणार होता. कन्नड गावाच्या पलीकडच्या खेड्यातून कॉलेजात आलेली मी घरातली पहिलीच. निवड झाली तर वडिलांना पत्रात काही सांगण्यासारखं होईल, एवढंच डोक्यात होतं.

लष्करी छावणीमागच्या मैदानावर सराव चालायचा. आमच्या सहा रायफली पॉइंट टू-टूच्या, म्हणजे छोट्या गोळीच्या, स्वस्तातल्या. माझ्या वाट्याच्या रायफलीचा चाप फार वाईट होता. दाबला की थोडा सरकायचा, मग खरखरत अडायचा, आणि आणखी जोर लावला की एकदम सुटायचा. त्या झटक्यानं नळी उजवीकडं जायची, आणि गोळीही.

साफसफाईच्या दिवशी मी कुणाला न विचारता उपाय केला. आमच्याकडं बैलगाडीचं चाक कुरकुरलं की एरंडेल घालतात. आईनं केसांसाठी दिलेली बाटली जवळ होतीच. चापाच्या फटीत चांगलं चमचाभर ओतलं. त्या दिवशी चाप मऊ चालला. चार दिवसांत मैदानाची धूळ बसून आत चिकट लगदा झाला आणि दाबलेला चाप मागंच अडकून राहू लागला.

आम्हांला शिकवणारे उस्ताद फौजेत हत्यारं दुरुस्त करून निवृत्त झालेले. त्यांनी रायफल उघडली आणि बोट नाकाशी नेलं.

"हे डोकं कुणाचं?"

"माझं, उस्ताद. एरंडेल हाय."

"रायफलीला जुलाब द्यायचा व्हता व्हय?"

पोरी खो खो हसल्या. मला रडू फुटायचं बाकी होतं. हत्याराला परस्पर हात लावला की मैदानाबाहेर, असा नियम होता.

पण उस्तादांनी मला बाहेर न काढता शेजारी बसवलं. रॉकेलनं सगळं धुवून घेतलं, मग चष्मा चढवून दोन छोटे लोखंडी तुकडे दाखवले. चाप ओढला की ते एकमेकांवरून घसरतात. त्यांच्यावर कारखान्यातले ओरखडे तसेच होते. उस्तादांनी बारीक दगडावर, हलक्या हातानं, तेवढे ओरखडे काढले.

"चाप जरासा हलका पण करा की, उस्ताद."

"नाय. हलका केला तर तुझ्या मनात यायच्या आधी सुटंल, अन् कुणाच्या तरी अंगात जाईल. गुळगुळीत मी करतो. बोटात जोर तू आण."

निवडीच्या दिवशी रायफली चिठ्ठ्या टाकून वाटल्या. माझी दुरुस्त झालेली रायफल दुसऱ्याच मुलीला गेली. मला आली पाच नंबरची, सगळ्यांत बदनाम.

"तोंड काय पाडतीस? दाबून तर बघ," उस्ताद म्हणाले.

रिकाम्या रायफलीचा चाप दाबला. कुठं खरखर नाही, अडणं नाही. आदल्या रविवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांनी उरलेल्या पाचही रायफली उघडून घासल्या होत्या. कुणाला बोललेही नव्हते.

दहा गोळ्या मारल्या. नऊ काळ्या वर्तुळात, एक उजवीकडं. यादीत माझं नाव चौथं लागलं. मी पाया पडायला वाकले, तर उस्तादांनी हातानंच थांबवलं.

"ती एक का गेली?"

"घाई झाली, उस्ताद. रायफलीचं काही नव्हतं."

"व्हय. पुण्यात ‘घाई करू नको’ म्हणून ओरडायला मी नसणार," ते म्हणाले, आणि मला आणखी पाच गोळ्या मोजून दिल्या.