इस्त्रीवाल्याची स्ट्रॉबेरी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक इस्त्री, पाण्याचं एक भांडं आणि या तिन्हींहून जुने असलेले कडककाका. परक्याच्या कॉलरवर सुरकुती दिसली, तरी यांचा घास घशात अडकतो.

काकू लेकीच्या बाळंतपणाला सातासमुद्रापार गेल्या त्या तीन महिन्यांसाठी. आता अकरावा चालू आहे. काका फोनवर विचारायचे, कधी येणार? काकू म्हणायच्या, बाळाचे दात येऊ देत. दात आले. मग एकदा त्या हसत म्हणाल्या, गॅलरीतल्या माझ्या स्ट्रॉबेरीला फळ धरू दे, की आलेच. त्या थट्टेत म्हणाल्या, पण काकांनी तो शब्द घडी घालून जपून ठेवला. आठ कुंड्यांची त्यांनी अशी सेवा सुरू केली, की तशी स्वतःच्या आईचीही केली नसेल. दर रविवारी कपाटातले काकूंचे न वापरलेले कपडे काढून पुन्हा इस्त्री करायचे, तेही चालूच होतं.

आणि पानांवर डाग पडले. आधी बारीक जांभळे ठिपके. मग मधला भाग करडा-पांढरा आणि कडेला लालसर जांभळी किनार. अख्खा जन्म कपड्यांवरचे डाग काढण्यात गेलेला माणूस. त्यांनी ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसलं. आठवड्यात डाग दुप्पट झाले. व्हिडिओ कॉलवर ते फोन असा धरू लागले, की फक्त निरोगी कुंडी दिसावी आणि तीही लांबून.

शेवटी एक पान पाकिटात घालून ते नर्सरीवाल्या बाईंकडे गेले. बुरशी आहे, बाई म्हणाल्या. पाणी कसं घालता ते करून दाखवा. काकांनी बोटं हवेत बुडवली आणि सराईतपणे शिंपडून दाखवलं. रोज संध्याकाळी, दुकान बंद केल्यावर, सगळ्या पानांवर सारखं.

बाईंना हसू आवरेना. "काका, ही झाडं आहेत, शर्ट नव्हेत. रात्रभर पान ओलं राहिलं की बुरशीची चैनच."

मग त्यांनी सांगितलं, डागाळलेली पानं कापा आणि कचऱ्यात टाका, कुंडीत नको. कुंड्यांमध्ये वारा खेळू द्या. पाणी सकाळी, तेही मुळाशी. एवढ्याने थांबलं नाही, तर तांब्याचं बुरशीनाशक देईन. सगळं ऐकून काकांनी विचारलं, "न कापता डाग जाणार नाही?"

"डाग जात नसतो, काका. पान जातं."

कापड न कापता डाग काढायचा, ही त्यांची आयुष्यभराची शान. त्या दिवशी कात्री हातात घेऊन ते तासभर बसले. पानं गेली तर फुलं कुठून येणार, आणि फुलं नसतील तर काकू? तरी कापली. कुंड्या केस उतरवल्यासारख्या दिसू लागल्या. संध्याकाळ झाली की हात आपोआप भांड्याकडे जायचा. मग ते तो खिशात कोंबून उभे राहायचे.

पाच आठवड्यांनी स्वच्छ पानांत एक पांढरं फूल आलं. काकांनी फोन अगदी जवळ नेला, फूल दाखवलं आणि सगळी चोरीही कबूल केली.

 काकू म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. तुम्ही शिंपडल्याशिवाय राहणार होय? आता पानं कोरडी ठेवा, मी येईपर्यंत."

पानांचं काकांच्या कानात शिरलंच नाही, शिरलं ते फक्त शेवटचं. त्यांनी फोन ठेवला, कपाट उघडलं आणि बुधवार असूनही इस्त्री तापत ठेवली.