फोटोत नको असलेल्या तारा

एका शनिवारी मंडप कोसळला. निखिल त्याखाली मेला.

त्यामागचं मी कुणालाच सांगितलेलं नाही — आईला नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, पण सावकाश. भरभर सांगू लागले की मी खोट्याकडे वळते — सवय झाली आहे.

निखिल आणि मी आर्किटेक्चरला एका वर्गात होतो. चिंचवडच्या एका कलासंग्रहालयाने आमच्यासारख्या नवख्यांना अंगण दिलं होतं — महिनाभर उभं राहील असं काहीतरी बांधा, मग उतरवून न्या. चाकणच्या एका प्रेस शॉपमधून — पत्रे कापायच्या कारखान्यातून — तिथे गोल चकत्या कापून उरलेले पत्रे आम्ही आणले. त्यांच्याच भिंती, त्यांचंच छत. कडा सुरीसारख्या. सगळा डोलारा दोन तिरप्या तारांनी ताणून धरलेला.

महिन्याने मोडायच्या बांधकामाचं मागे काय उरतं? फोटो. पुढचं काम त्या फोटोवर मिळतं. आणि कुठूनही पाहा, त्या तारा मध्ये यायच्या.

"फोटोपुरत्या काढू या," मी म्हणाले.

"अगं बाई, मग फोटो आपलेच लावतील. हार घालून," निखिल हसला. "वारं बघ. तारांना हात लावायचा नाही."

तो हसला याचा मला राग आला. एवढंच — खरंच एवढंच होतं का? तो चहा आणायला गेला आणि मी पान्याने दोन्ही तारा सोडल्या. मंडप हलला नाही. मी जिंकले, असं वाटलं.

फोटोग्राफर आला, पहिले फोटो झाले. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोळे लावून उभी होते, तेवढ्यात निखिल परतला. आतल्या पांढऱ्या खडीवर बुटांचे ठसे होते, तारांआधी त्याला तेच दिसले. चहाची किटली खाली ठेवून तो आत गेला, वाकून हाताने खडी सारखी करू लागला. मी पाहिलं. हाक मारायला किती वेळ लागतो? पण हाक मारली असती तर तारांचं सांगावं लागलं असतं — फोटोग्राफरसमोर.

मग वाऱ्याचा झोत आला. पत्रे एकावर एक आदळले. एका कडेने त्याची मान चिरली. पांढरी खडी लाल होत गेली. मी पत्रा उचलायला गेले, माझा तळवा हाडापर्यंत फाटला. तो माझ्याकडे बघत होता. बोलता येत नव्हतं त्याला.

पोलिसांना मी सांगितलं — तारा त्यानेच काढल्या. "वारं आहे, हात लावू नकोस, म्हणत होते मी." त्याचं वाक्य होतं ते. तेही मी घेतलं.

तेराव्याला दापोडीच्या घरी त्याच्या आईने माझा पट्टी बांधलेला हात हातात घेतला. "ऐकलं नाही गं माझ्या पोराने तुझं. त्याला माफ कर."

मी काय म्हणाले असेन?

"केलं, काकू."

काकू आता तिथे एकट्याच राहतात. मंडपाचा फोटो त्यांच्या भिंतीवर आहे. त्यात तारा नाहीत. फ्रेम मी करून दिली.