सोनूच्या टूरची वही

चिचगडच्या उदेभानचे हात कुऱ्हाड धरायचे, तेंदूपानांचे पुडे बांधायचे. चिकटवाचिकटवीशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. पण गेल्या चैत्रात त्याची बारा वर्षांची सोनू सिकलसेलच्या आजारानं गेली, आणि मागे पत्र्याचा एक डबा राहिला.

डब्यात बसची तिकिटं होती. तीन वर्षं दर महिन्याला उदेभान तिला रक्त चढवायला कधी गोंदियाला, कधी नागपूरला नेत असे. शाळेच्या सहलीत तिला कोणी घेत नसे. वाटेत दुखायला लागलं तर जबाबदारी कोणाची, म्हणे! मग पोरीनं दवाखान्याच्या फेऱ्यांनाच टूर म्हणायला सुरुवात केली. तिकिटं, संत्रागोळ्यांचे कागद, आगपेटीची खोकी, सारं जपून ठेवलं. आईला मात्र डब्याला हात लावू देत नसे. "वही चिपकवीन, तवा एकदमच पायजो," म्हणायची.

ही आई, मंगली, तिच्यासोबत एकदाही गेली नव्हती. घरात डोळ्यांनी अधू सासू, दारात सहा बकऱ्या, दोघांनी निघायचं म्हटलं तर मागे कोण? पोर गेल्यावर तिनं रडणं आवरलं, पण नवऱ्याच्या मागे एकच धोशा लावला.

"तुमी तिच्यासंग होते. म्या त काईच नाई पायलं. मले ते टूर दाखवा."

शेवटी उदेभाननं देवरीच्या बाजारातून जाड पानांची वही आणली. तांदळाच्या पिठाची खळ शिजवली, आणि दिवसभर ओसरीत बसून तारखेवार एकेक तिकीट चिकटवलं. तारीख आणि गावाचं नाव वाचलं की मंगलीला सांगण्यासारखं काहीतरी निघेल, ही त्याची आशा.

ओल्या खळीनं कागद चुरमडले. गडी नीटनेटक्या कामाचा, त्याला ते बघवेना. सोनूच्या गणवेशाला तो ज्या पितळी लोट्यानं इस्त्री करायचा, त्यात त्यानं निखारे भरले. पानापानावर जुना पेपर ठेवून, तो न उचलता, दाब देऊन शेवटच्या पानापर्यंत लोटा फिरवला. मग पेपर उचलले.

तिकिटं काळी ठिक्कर पडली होती. एकही अक्षर दिसत नव्हतं. मशीनमधून निघणाऱ्या त्या कागदावर शाई नसतेच, तो तापला की काळा होतो. हे त्याला कोण सांगणार? कंडक्टर सुट्ट्या पैशांसाठी खेकसतो, तिकीट कशाचं असतं ते शिकवत नाही.

इतक्यात मंगली बकऱ्या बांधून आली. हात धुतले, पदराला पुसले आणि वही मांडीवर घेतली. तिला वाचता येत नव्हतं. तिला फक्त ऐकायचं होतं. पहिल्या काळ्या तिकिटावर तिनं बोट ठेवलं.

"हे कुठचं?"

"नागपूरचं." चिकटवताना वाचलेलं त्याला आठवत होतं.

"काय काय पायलं तिनं?"

उदेभानला काहीही रचून सांगता आलं असतं. मोठा पूल, विमान, चौकातला हत्ती. मंगलीनं सगळं खरं मानलं असतं. पण मेलेल्या पोरीच्या नावानं खोटं बोलायला त्याची जीभ उचलेना.

"मले नाई मालूम," तो म्हणाला. "मी झोपून राहत होतो."

खाडा भरून काढायला आदल्या दिवशी दुप्पट लाकूड तोडावं लागे. सीटवर टेकला की तो मेल्यासारखा झोपे. जातानाही, येतानाही. गाव आलं की पोरगी खांदा हलवी, "बाबा, उठा." तेवढंच त्याच्या कानात राहिलं होतं.

मंगलीनं पान उलटलं. दुसरंही काळंच.

"सारेच डाव झोपले?"

"सारेच डाव."

तिनं वही मिटून मांडीवरच ठेवली. रागावली असती तर त्याला सोसलं असतं.

"मंग ती रस्ताभर बोले कोणासंग?" तिनं विचारलं.

तीन वर्षांत हा प्रश्न उदेभानला एकदाही पडला नव्हता.